कॅमेऱ्यासमोर 'कमी कर' म्हणतात तेव्हा नेमकं काय करायचं असतं?

तिसरी घंटा

नाटकातून कॅमेऱ्यासमोर गेलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक सूचना मिळते: 'कमी कर.' दिग्दर्शक म्हणतो, सहायक म्हणतो, कधी मेकअपदादासुद्धा म्हणतात. मी एकांकिका बसवते. माझ्याकडची मुलं आता मालिका, वेबसिरीज, चित्रपटांत जायला लागली आहेत आणि परत आली की हेच सांगतात. मग ती खरंच कमी करायला लागतात. हात खिशात जातात, आवाज बसतो, चेहरा सपाट होतो. त्याला संयत अभिनय म्हणायचं, असा समज पसरत चाललाय आणि त्याची मला काळजी वाटते.

माझं म्हणणं असं की ही सूचना अर्धीच आहे. पडद्यावरचं जे काम आपल्याला संयत वाटतं, त्यात नट आतून भरपूर काही करत असतो. विचार करत असतो, ऐकत असतो, काहीतरी ठरवत असतो. ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची जबाबदारी तेवढी त्याच्यावर नसते, ती लेन्सने उचललेली असते. पोचवणं काढून टाकायचं, करणं नाही. आमची मुलं दोन्ही काढून टाकतात.

बहुतेकांनी पाहिलेलं उदाहरण घेते. 'द लंचबॉक्स' (२०१३). इरफान खानचा साजन फर्नांडिस क्लेम्स खात्यात काम करणारा, निवृत्तीला आलेला विधुर. चुकून आलेला डबा तो पहिल्यांदा उघडतो तो प्रसंग पुन्हा बघा. संवाद नाही, कुणाशी नजरानजर नाही. डबा उघडतो, थबकतो, वास घेतो. 'वा, काय जेवण आहे' असं सांगणारी एक रेघही चेहऱ्यावर उमटत नाही. त्या माणसाच्या डोक्यात फार साधा प्रश्न आहे: हा आपलाच डबा ना? रोजच्या जेवणात आणि यात काहीतरी फरक पडलाय, आणि तो फरक त्याचं नाक शोधतंय. इरफान तो शोध खरोखर घेतो, म्हणून आपली नजर हलत नाही. आनंद 'दाखवला' असता तर अर्ध्या सेकंदात आपल्याला कळलं असतं आणि पुढे बघण्यासारखं काही उरलं नसतं.

त्याच चित्रपटातल्या देशपांडे आंटी म्हणजे भारती आचरेकर. पूर्ण चित्रपटात त्या एकदाही दिसत नाहीत. वरच्या मजल्यावरून फक्त आवाज येतो. घरात नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून पंख्याकडे बघत पडलेला, आणि ही बाई खिडकीतून मसाल्याच्या सूचना देतेय. आवाजात दुःखाचा एक कणही मुद्दाम घातलेला नाही. स्वयंपाकात मनापासून रस असलेली शेजारीण, एवढंच त्यांनी धरलंय. नवऱ्याची हकिगत कळल्यावर तोच आवाज आपल्याला वेगळा ऐकू येतो, त्यांनी काहीही न बदलता.

तुम्हाला अशी कामं कुठे दिसली? आणि जे सेटवर काम करतात त्यांनी कृपया तांत्रिक बाजूही लिहा. नटाला लेन्स, आवाज, एडिटिंग यातलं किती माहीत असायला हवं?

अबोली

वाचनखूण साठवली. प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

कातरकाम

एडिटिंग करते, त्यामुळे टेबलावर जे दिसतं ते लिहिते.

लोकांना वाटतं आम्ही बोलणारे चेहरे जोडतो. प्रत्यक्षात आमचा निम्मा वेळ ऐकणारे चेहरे शोधण्यात जातो. बोलणाऱ्या नटाला वाक्याचा आधार असतो. ऐकणाऱ्याला कशाचाच नसतो, आणि प्रसंग बहुतेक वेळा त्याच्याच चेहऱ्यावर घडतो. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच काही नटांचे डोळे थांबतात, कारण पुढचं वाक्य आपलं आहे हे त्यांना माहीत असतं. ते ऐकायचे थांबून वाट बघायला लागतात. थिएटरच्या बाराव्या रांगेतून हे दिसत नाही. क्लोजअपमध्ये लख्ख दिसतं आणि तो तुकडा मला वापरता येत नाही. मग मी बोलणाऱ्यावरच राहते, आणि त्या नटाला चित्रपट बघताना वाटतं की आपले क्लोजअप कापले.

पापणीबद्दल. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) कापताना पाहिलं की आपण जिथे कट घ्यायचा ठरवतो त्याच्या अगदी जवळ जीन हॅकमनची पापणी लवलेली असते. त्यातून त्याने मांडलं की माणूस एक विचार संपवून दुसऱ्याकडे वळताना पापणी लवते. नट खरोखर विचार करत असेल तर कट कुठे घ्यायचा हे त्याची पापणीच सांगते. ज्याच्या डोक्यात फक्त पाठ केलेली वाक्यं आहेत त्याची पापणी कुठेही लवते. मी हे स्वतःच्या कामात तपासत आले आहे आणि मला ते पटतं.

मायकेल केनने १९८७ मध्ये बीबीसीसाठी चित्रपटातल्या अभिनयाची एक शिकवणी केली होती. त्यात तो क्लोजअपमध्ये पापणी न लववता बोलून दाखवतो. आणखी एक अगदी कामाची गोष्ट सांगतो: समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघू नका, एकच डोळा धरा, आणि तो कॅमेऱ्याच्या जवळचा धरा. घरी आपण बोलताना नजर या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जातच असते, कुणाला कळत नाही. मोठ्या पडद्यावर तीच बुबुळं भिरभिरताना दिसतात.

आणि कंटिन्यूइटी. कप कुठल्या शब्दावर उचलला हे लक्षात ठेवणं ही कारकुनी नाही. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग लांबून घेतलेल्या शॉटमध्ये, एका शब्दावर आणि क्लोजअपमध्ये दुसऱ्या शब्दावर कप उचलला, तर तुमचा उत्तम टेक मला टाकून द्यावा लागतो. म्हणून हाताला कमी पण नक्की काम द्या.

निळी शाई

@कातरकाम, छान प्रतिसाद. पण मग तो रशियन प्रयोग आहे ना, कुलेशोवचा? नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याला एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा बाई. आणि प्रेक्षकांना तीन वेगवेगळ्या भावना दिसल्या. तसं असेल तर नटाने काहीच न करता बसावं, बाकी तुम्ही कराल. एवढी साधना कशाला?

कातरकाम

@निळी शाई, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. लेव्ह कुलेशोवचा तो प्रयोग १९२०च्या आसपासचा, नट होता इव्हान मोझुखिन, त्या काळातला रशियातला मोठा नट. प्रयोग एवढंच सिद्ध करतो की एका शॉटला शेजारच्या शॉटमधून अर्थ मिळतो. भूक, शोक, ओढ, या एकेका शब्दात सांगता येणाऱ्या गोष्टी. दोन तासांची भूमिका अशा शब्दांवर उभी राहत नाही.

'अस्तु' बघा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. मोहन आगाशे संस्कृतचे निवृत्त विद्वान झालेत, स्मृती हरवत चाललेले. मुलगी गाडीत बसवून जाते आणि हे रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. हत्ती दिसतो तेव्हा आगाशेंच्या चेहऱ्यावर जे कुतूहल आहे ते कुठल्याही शेजारच्या शॉटमधून येणार नाही. त्यात विसरलेला माणूस दिसत नाही, काहीतरी नव्याने सापडलेला माणूस दिसतो. विस्मरणाचा अभिनय करायचा म्हणजे रिकामं बघायचं, असं दहांतले नऊ नट करतील. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यांनी असे रुग्ण जवळून पाहिले असणार. त्या माणसाच्या मनात अंधार नसून दुसरंच काहीतरी चाललेलं असू शकतं, ही समज त्या कामात आहे. आणि माहुताची बायको झालेली अमृता सुभाष त्यांना ज्या सहजपणे लेकरासारखं सांभाळते, त्या कामाला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती कीव करत नाही. तिला घरातलं आणखी एक माणूस जेवू घालायचंय, इतकं ते सरळ आहे.

मेकअपरूम

दैनंदिन मालिकेत काम करतो. आमच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितोय.

सीनचे कागद बहुतेकदा त्याच दिवशी हातात पडतात, कधी मेकअप चालू असताना. दिवसाला जवळपास एका भागाचं शूट व्हावं लागतं, नाहीतर बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपते. सहायक बाजूने प्रॉम्प्ट करत असतो. म्हणजे कान प्रॉम्प्टकडे, डोळे समोरच्या नटाकडे, पाय जमिनीवर आखून दिलेल्या मार्कवर. सीन संपला की 'सगळ्यांचे लूक घेऊ' होतं. एकेकाचा चेहरा धरून ठेवायचा, त्यावर नंतर संगीत येणार. तिथे लोक आम्हाला भडक म्हणतात.

पण मालिका घरात बघितली जाते तेवढीच ऐकली जाते. भाजी चिरता चिरता, मुलाचा अभ्यास घेता घेता. मान वर केली तेव्हा पडद्यावर काय चाललंय ते एका नजरेत कळायला हवं, असा त्या लेखनाचा आणि दिग्दर्शनाचा हिशेब असतो. तो हिशेब मला पूर्ण मान्य नाही, पण तो आळसातून आलेला नाही.

त्यातही करता येतं. लूक धरायला सांगतात तेव्हा मी चेहरा धरत नाही, मनात एक वाक्य म्हणतो, आणि ते मध्येच वळणारं असतं. उदाहरणार्थ, 'हिला सगळं कळलंय... पण ही बोलणार नाही.' पहिल्या अर्ध्यात भीती, दुसऱ्या अर्ध्यात थोडा सुटल्याचा श्वास. चार-पाच सेकंदांत चेहऱ्यावर दोन गोष्टी होतात, तोंड न वाकवता. दिग्दर्शकालाही त्याचा लूक मिळतो.

आणि मराठी टीव्हीवर हे होतच नाही असं नाही. १९९९ची 'प्रपंच' आठवा, प्रतिमा कुलकर्णींची. आठवड्याला एक भाग. सुधीर जोशी, रसिका जोशी ही मंडळी घरात बोलतात तशी एकमेकांचं वाक्य ऐकून बोलायची. कुणी बोलत असताना बाकीचे आपापलं काम करत असायचे. लिहायला वेळ, बसवायला वेळ मिळाला की नट तेच असतात, काम बदलतं.

बूमवाला

साउंडमध्ये आहे. थोडक्यात लिहितो.

संयत म्हणजे पुटपुटणं नव्हे. आवाजाची पातळी खाली आणा, चालेल, आम्ही वाढवू. पण शब्दाची अखेर गिळू नका. वाक्यातलं शेवटचं क्रियापद गेलं की मराठीत अर्धा अर्थ जातो. हळू बोलायला मोठ्याने बोलण्याइतकाच श्वास लागतो, आणि नवीन मुलं नेमका श्वासच सोडून देतात.

पूर्वी कॅमेरे आवाज करायचे, म्हणून सगळं नंतर डब व्हायचं. महिन्यांनी अंधाऱ्या खोलीत उभं राहून ओठ जुळवायचे. सेटवरचा थरथरता श्वास तिथे कसा येणार? हिंदीत 'लगान' (२००१)नंतर सिंक साउंड, म्हणजे सेटवरच शूटबरोबर रेकॉर्ड केलेला आवाज, पुन्हा रुजला, मराठीतही आता सर्रास होतो. माझ्या मते बारीक अभिनय वाढायला कॅमेऱ्याइतकंच हे कारण आहे. वाक्याआधीचा श्वास, गिळलेला आवंढा, बोलायला उघडून मिटलेले ओठ, हे सगळं आता रेकॉर्ड होतं. कधी कधी त्या टेकमधलं सगळ्यात खरं तेवढंच असतं.

एक विनंती: कडक इस्त्रीच्या सुती साडीत किंवा कुर्त्यात लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) लावला तर प्रत्येक हालचालीला खरखर येते. कपडेपटाशी आधी बोला.

कृष्णाकाठ

सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण मला एक गोष्ट बोलायचीय आणि ती जरा विरोधातली आहे.

आमच्याकडं मयत झालं की बायका गप रडत नाहीत. रडत रडत बोलतात, सुरात बोलतात. गेलेल्या माणसानं काय काय सोसलं, कुणी त्याला फसवलं, शेत कसं उभं केलं, सगळं त्या रडण्यात येतं. गावाहून लेक आली, दारात पाऊल टाकलं, की तिच्या गळ्यात पडून पुन्हा पहिल्यापासून. ते खोटं नसतं. ज्या बाईला वर्षभर कुणी चार वाक्यं बोलू दिली नाहीत तिचं ते बोलणं असतं. आता ही बाई पडद्यावर आणायची आणि तिला सांगायचं, 'कमी करा, डोळ्यांत फक्त पाणी येऊ द्या.' म्हणजे तुम्ही तिचं रडणं काढून फ्लॅटमधल्या माणसाचं रडणं तिला दिलं. फ्लॅटमधला माणूस तोंड दाबून रडतो, कारण भिंतीपलीकडं शेजारी आहे. ती त्याच्या जगण्याची रीत झाली. ती सगळ्यांनाच लावायची आणि त्यालाच दर्जा म्हणायचं, हे मला मान्य नाही.

'फँड्री' (२०१३) बघा. किशोर कदमचा कचरू माने. त्या माणसाची मान, खांदे, समोर कोण उभा आहे त्यावर त्याची कमी-जास्त वाकणारी पाठ. कुठंही 'बघा मी किती दबलोय' नाही. डुक्कर धरायला सगळं घर धावतंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर डोळ्यांसमोरून जातंय. त्या उभं राहण्यात जो अभिनय आहे तो मला दुसरीकडं क्वचितच दिसला. शरीर अजून पळतंय आणि पाय थांबलेत.

पण त्याच चित्रपटाचा शेवट काय आहे? कचरूच्या पोरानं, जब्यानं भिरकावलेला दगड. आणि त्याआधी त्याचा सगळा संताप बाहेर येतो. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेनं तिथं काही कमी केलेलं नाही, आणि करायलाही नको होतं. सगळा चित्रपट गप राहिलेल्या पोरानं तिथं ओरडायलाच पाहिजे. म्हणून म्हणतो, माप ठरवायचं ते माणसावरून ठरवा. लेन्सवरून नको.

तिसरी घंटा

@कृष्णाकाठ, मनापासून आभार. हा मुद्दा माझ्या मूळ लिखाणात नव्हता आणि तो हवाच होता. तुमची ती रडणारी बाई मला डोळ्यांसमोर दिसली. त्या भूमिकेसाठी मी नटीला सांगेन की कमी करू नकोस, पण कुणाशी बोलतेयस ते नक्की कर. मेलेल्याशी? आलेल्या लेकीशी? की ओसरीवर बसलेल्या दिराशी, त्याला ऐकू जावं म्हणून? ते ठरलं की मोठा आवाजही लेन्ससमोर खरा वाटतो. तेवढ्या एका बाबतीत मी लेन्सची बाजू सोडणार नाही. तिला आवाज मोठा की लहान याच्याशी देणंघेणं नसतं, बोलणं कुणाला उद्देशून नसेल तर ते मात्र ती लगेच पकडते.

निळू फुले याचं मोठं उदाहरण आहेत. नकलाकारांनी त्यांना एका खर्जातल्या वाक्यात कोंडून ठेवलंय, पण 'सामना' (१९७५)मधला हिंदुराव पुन्हा बघा. त्या माणसाला आवाज चढवायची गरजच पडत नाही, कारण पंचक्रोशीत त्याचं ऐकलं जातं. समोर डॉ. लागूंचा मास्तर, 'मारुती कांबळेचं काय झालं?' विचारत सुटलेला. फुले त्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी त्या माणसाला जोखतात, याला किती किंमत द्यायची ते ठरवतात. मग चार वर्षांनी 'सिंहासन' (१९७९)मध्ये तेच निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस. इथे सत्ता नाही. तो या मंत्र्याकडे बसतो, त्या पुढाऱ्याकडे बसतो आणि ऐकतो. @कातरकाम म्हणतात ते ऐकणं शिकायचं असेल तर ही भूमिका दहा वेळा बघावी. ऐकलेलं त्याच्या अंगात साचत जातं आणि शेवटी तो माणूस मोडतो तेव्हा आपल्याला कारण विचारावं लागत नाही.

प्रभातफेरी

जुन्या चित्रपटांचा उल्लेख आल्यावर राहवलं नाही.

'संत तुकाराम' (१९३६). तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आणि त्यांची बायको झालेली गौरी. पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. गौरी हा चित्रपट काढणाऱ्या प्रभात कंपनीतच लहानसहान कामं करता करता पुढे आलेली. एकाच चौकटीत दोन मापं आहेत. हा डोळे मिटून स्वतःत, ती कडकडून भांडणारी, पोरांच्या पोटासाठी थेट विठोबावर पायताण घेऊन धावणारी. तिचा आवाज मोठा, हातवारे मोठे, आणि एक क्षणही खोटा नाही, कारण तिची भूक खरी आहे. @कृष्णाकाठ, तुमच्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा मला सुचत नाही.

आणि दुसऱ्या टोकाला 'कुंकू' (१९३७). शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. जे आवाज येतात ते त्या घरातले, रस्त्यावरचे. म्हणजे नटाच्या मदतीला व्हायोलिन येत नाही. तरुण मुलीशी लग्न करून बसलेले काकासाहेब केशवराव दात्यांनी केलेत. केशवराव तर रंगभूमीवरचे दिग्गज. तरीही म्हातारपण, वासना, लाज आणि हळूहळू उमजत जाणारा अन्याय हे सगळं त्यांनी त्या शांततेत, घड्याळाच्या टिकटिकीत करून दाखवलंय. खलपुरुष करणं सोपं होतं. आपण काय केलं हे ज्याला कळत जातं असा माणूस त्यांनी केला. नाटकातला नट कॅमेऱ्यासमोर भडकच होतो असं म्हणणाऱ्यांनी हे काम बघावं.

अबोली

आत्ताच 'कुंकू' पुन्हा लावला. संगीत नाही हे इतक्या वेळा पाहून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चेहऱ्यांकडे किती जास्त बघितलं जातं!

दिवाणी फौजदारी

वकिली करतो, म्हणून 'कोर्ट' (२०१४)बद्दल लिहायला हवं. चैतन्य ताम्हाणेचा चित्रपट. इथे कुणी अजून त्याचं नाव कसं काढलं नाही?

कॅमेरा लांब आणि स्थिर. क्लोजअप जवळपास नाहीतच. म्हणजे इथे जे चाललंय की लेन्स जवळ येते म्हणून बारीक काम दिसतं, ते या चित्रपटाला लागू पडत नाही. तरी त्यात अभिनय इतका बारीक आहे की पहिल्यांदा बघताना मला तो अभिनय वाटलाच नाही. गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहेत. शाहीर नारायण कांबळेवर, म्हणजे वीरा साथीदारांवर, सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप. ती बाई एकसुरात, भरभर, श्वास घेऊन घेऊन कलमं वाचत जाते. १८७६चा नाट्यप्रयोगांवरचा कायदासुद्धा त्याच सुरात. आम्ही रोज असंच वाचतो. त्यात द्वेष नाही, म्हणून ते भयंकर आहे. मग तीच बाई लोकलमध्ये साडीबद्दल गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाक करते, वाढते. न्यायालयातली आणि घरातली बाई एकच आहे, हे त्यांनी आवाज किंवा चेहरा न बदलता ठेवलंय. दुसऱ्या नटीने न्यायालयात कडक आणि घरी मऊ असा फरक करून दाखवला असता.

आणि त्या मृत कामगाराच्या बायकोची साक्ष. नवरा गटारात उतरायचा, विषारी वायूने एक डोळा गेलेला, आत उतरण्याआधी खडा टाकून झुरळं बाहेर येतात का बघायचा. हे सगळं ती विचारलं तेवढंच सांगते. मी साक्षीदारांना असं बोलताना ऐकलंय. माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की रडत नाही. पुढचा प्रश्न काय येईल याकडे त्याचं लक्ष असतं. वीरा साथीदार तर नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक होते. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांचं शांत उभं राहणं हे न्यायालयाची सवय झालेल्या माणसाचं आहे.

मला वाटतं दिग्दर्शकाने नटांना वेळ दिला, कट करून वाचवलं नाही, आणि ज्याचं जे काम असतं ते काम करायला लावलं. साक्ष द्यायची तर साक्ष द्यायची.

निळी शाई

@दिवाणी फौजदारी, हा प्रतिसाद वाचून 'कोर्ट' तिसऱ्यांदा बघणार. माझी शंका मात्र पूर्ण गेलेली नाही. हौशी माणसं स्वतःसारखीच भूमिका करतात तेव्हा त्याला कला म्हणायचं का?

कातरकाम

@निळी शाई, कॅमेरा चालू असताना स्वतःसारखं चालून दाखवा, इतकंच सांगते. पाचव्या टेकला पहिल्यासारखं चालून दाखवा.

आरशापुढचा

नमस्कार. इथे नवीन आहे. नगरला असतो, कॉलेजात एकांकिका करतो. आता ऑडिशनसाठी घरून व्हिडिओ करून पाठवायला सांगतात. दोन पानं संवाद, समोर कुणी नाही. वरचं सगळं वाचलं आणि खूप काही मिळालं, पण उद्या मला पाठवायचाय. मी मोबाइलसमोर काय करू? तिसरी घंटाताई, कातरकामताई, प्लीज.

तिसरी घंटा

ये, स्वागत आहे. उद्याचं आहे तर कामाचंच सांगते.

समोर कुणीतरी बसव. आई, भाऊ, खोलीतला मित्र, कुणीही. त्यांना अभिनय करू देऊ नकोस, नुसतं साध्या आवाजात वाचू दे. त्यांचं वाक्य तुला खरोखर ऐकावं लागलं की निम्मं काम झालं. संवाद पाठ करताना चालीसकट पाठ करू नकोस. सपाट पाठ कर, मग प्रत्येक वाक्यापुढे लिहून काढ की हा माणूस समोरच्याकडून काय काढून घ्यायला बघतोय. माफी? पैसे? नुसतं 'थांब' एवढंच? 'दुःखी', 'रागावलेला' असलं काही लिहू नकोस, ते करता येत नाही.

हाताला एक छोटं काम दे. शर्टाचं बटण लावणं, घड्याळाला किल्ली देणं, काहीही, पण त्या माणसाने त्या वेळी खरंच केलं असतं असं. काम खरंच कर, पूर्ण कर. लक्ष अर्धं तिकडे गेलं की चेहऱ्यावर पहारा ठेवायला तू उरत नाहीस.

कातरकाम

वाचणाऱ्याला मोबाइलच्या अगदी शेजारी बसव, त्याचा डोळा आणि लेन्स जवळजवळ एका उंचीवर. लांब कोपऱ्यात बसवलंस तर आम्हाला तुझा कान दिसेल. छातीपासून वर एवढी चौकट, मोबाइल आडवा, खिडकी तुझ्या समोर, पाठीमागे नको. पहिलं वाक्य बोलण्याआधी तीन सेकंद आणि शेवटचं वाक्य संपल्यावर तीन सेकंद सोड, आणि त्या सेकंदांत त्या माणसातच राहा. निवड करणारे बहुतेकदा तिथेच बघतात.

दोन टेक पाठव, पण एकसारखे नकोत. दुसऱ्यात समोरच्याकडून वेगळंच काहीतरी हवंय असं ठरव. चेहरा आपोआप बदलेल.

बूमवाला

पंखा बंद कर. वाचणाऱ्याला सांग तुझ्यापेक्षा हळू वाच, तो माइकच्या जवळ बसणार आहे.

कृष्णाकाठ

आणि भूमिका गावाकडची असली तर बोली तुझी तूच ठेव, लेका. नगरची भाषा घालव म्हणून कुणी सांगितलं तरी पहिल्या टेकला ठेव. दुसऱ्याला त्यांची दे.

आरशापुढचा

सगळ्यांचे आभार. भावाला बसवतोय वाचायला. पंख्याचं लक्षातच आलं नसतं.